नवी कादंबरी गावात येते तेव्हा: वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत विषय मंजूर झाला. या हिवाळ्यात दोन नव्या कादंबऱ्या वाचकांपुढे आणायच्या. एक प्रेमकथा, एक रहस्यकथा. दोन्ही लेखक याच भागातले. प्रेमकथेच्या लेखिका ताई ब्रह्मपुरीकडच्या, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. रहस्यकथेचे लेखक काकाजी वनविभागातून निवृत्त झालेले. दोघांनी स्वतः येऊन आपापल्या पुस्तकाची ओळख करून द्यायची. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही तालुक्यांतली काही वाचनालयं आणि वैनगंगेपलीकडे लाखांदूरकडचं एक, असा फेरा ठरला. नोंदी ठेवायचं काम ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे आलं.

बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "प्रेम आणि खून, एवढंच उरलं काय जी गावाले दाखवायला?" त्यांनी मनापासून विचारलं होतं, म्हणून मीही नीट सांगितलं. मराठी कादंबरी बाळसं धरत होती तेव्हापासून प्रेमाची आणि अद्भुताची ओढ तिच्यासोबत आहे. १८६१ सालची लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' त्याच वाटेवरची. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि किती घरांत पहिलं पुस्तक गेलं ते त्यांचं गेलं. मग देवघेव नोंदवही पुढे ठेवली. कोणती पुस्तकं सारखी बाहेर असतात, कोणत्यांची बांधणी सुटली, कोणती पुन्हा शिवून घ्यावी लागली, सगळं त्या वहीत होतं. ज्येष्ठ सदस्यांनी ती बराच वेळ चाळली. पुढे ठराव त्यांनीच मांडला.

२९ सप्टेंबर, रविवार

पुस्तकं विकत घेतली. भेट म्हणून घेतली नाहीत, आणि हे मी मंडळात ठासून सांगितलं. आपल्याकडे लेखक पुस्तक भेट देतो, वाचनालय आभाराचं पत्र देतं, प्रत कपाटात जाते आणि तिथेच राहते. फुकट आलेल्या पुस्तकाबद्दल वाचनालयाला जबाबदारी वाटत नाही. वर्गणीचे पैसे घातले की ते पुस्तक वाचकांपर्यंत नेणं हे आपलं काम होतं. शिवाय दोघांनीही छपाईचा बराचसा खर्च स्वतः उचललेला आहे.

प्रत्येकी दोन प्रती. एक देवघेवीसाठी, एक वाचनकक्षात बसून वाचणाऱ्यांसाठी. दाखल नोंदवहीत क्रमांक टाकले, शिक्के मारले. वर्गीकरणात दोन्हींचा आकडा एकच, ८९१.४६३, म्हणजे मराठी कादंबरी. त्या आकड्यात ऐतिहासिक, सामाजिक, प्रेमाची, खुनाची सगळी एकत्र उभी असतात. अभ्यासकाला ते चालतं. पण आठवडी बाजाराच्या दिवशी घाईघाईत येणाऱ्या बाईला नाही चालत. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. म्हणून वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळचा फळा रिकामा केला आणि 'प्रेमकथा', 'रहस्यकथा' अशा दोन पाट्या लावल्या.

आणखी एक केलं. वाचनालयातल्या सगळ्या कादंबऱ्यांना खाकी कव्हर घालायला सुरुवात केली. फक्त प्रेमकथांना घातलं असतं तर खाकी कव्हर म्हणजे प्रेमकथा हे आठ दिवसांत गावाला कळलं असतं. सगळ्यांना सारखंच असलं की सासरी पुस्तक नेणाऱ्या सुनेला कुणी विचारत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

दोघांची टिपणं आली. ताईंचं टिपण चार पानांचं. कल्पना कशी सुचली, कुणाकुणाचे आभार, लेखनाचा प्रवास. गोष्ट शेवटच्या पानावर सुरू होते. काकाजींच्या टिपणात गोष्टच गोष्ट आहे, ओळीने सगळी, फक्त गुन्हेगाराचं नाव तेवढं झाकलेलं.

वाचनालयात रोज येणाऱ्या दोघांना वाचून दाखवलं. एक अंगणवाडी सेविका, दुसरा पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा. मुलगा म्हणाला, "काकाजीनं सारंच सांगून टाकलं. आता वाचू कायले?" सेविका ताईंच्या टिपणावर म्हणाल्या, "पोरगी कोन, पोरगा कोन, कुठं भेटले, हे कधी येते जी?"

या दोन वाक्यांवर मी दिवसभर विचार केला. प्रेमकथेची ओळख आणि रहस्यकथेची ओळख ही दोन वेगळी कामं आहेत. रहस्यकथेत वाचकाच्या हाती प्रश्न द्यायचा. घटनांचा क्रम दिला की संपलं, मग नाव झाकून उपयोग नाही. प्रेमकथेत दोघं एकमेकांचे होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. त्याला माणसं दाखवावी लागतात आणि त्यांच्या मध्ये काय उभं आहे ते दाखवावं लागतं. दोघांनाही कळवलं: टिपण नको, कादंबरीची पहिली दहा पानं पाठवा.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन. शाळेतली मुलं आली, पुस्तकं हाताळून गेली. आजच विधानसभेच्या निवडणुकीची तारीख जाहीर झाली, आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान. तोवर सभागृह मागायचं नाही, माईक लावायचा नाही, असं ठरवलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

भाऊबीज झाली आणि मंडया सुरू झाल्या. ज्यांना आमच्या झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगल आणि धानाच्या पट्ट्याची, माहिती नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते: दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दिवसा जत्रा आणि रात्री नाटक. वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव फिरतात, नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. परशुराम खुणे यांना याच रंगभूमीवरच्या कामासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. इथला माणूस बेडीत अडकलेला नायक आणि माहेरी परत आलेली लेक रात्रभर डोळ्यात तेल घालून बघतो. प्रेम आणि रहस्य त्याला नवं नाही. नवं आहे ते पुस्तकाच्या पानावर एकट्याने बघणं.

आज दुपारी नाटकाच्या प्रचाराची गाडी गावातून गेली. वर भोंगा. मी दाखल नोंदवही बाजूला ठेवून दारात उभी राहिले आणि लक्ष देऊन ऐकलं. नाटकाचं नाव, मग एकच प्रसंग, अर्ध्यावर तोडलेला: मुलगी मांडवात उभी आहे, नवरदेव आला आहे, आणि तेवढ्यात दारात उभा राहतो तो... इथे संगीत. मग गावाचं नाव, तारीख, तिकीट. नाटक चांगलं आहे असं कुणी सांगत नाही. लेखकाने किती मेहनत घेतली तेही नाही. माणसं ओसरीवर येऊन एकमेकांना विचारत होती, कोण आला असेल म्हणून.

पुस्तकाची ओळख अशीच व्हायला हवी. एक प्रसंग, तोही मुळातल्या शब्दांत, आणि थांबायचं कुठे ते आधी पक्कं. संध्याकाळी दोघांनाही फोन करून हेच सांगितलं. काकाजी लगेच "समजलं" म्हणाले. ताईंना वेळ लागला. आपल्या कादंबरीचा मान त्यात राहील ना, अशी त्यांना काळजी होती. राहील, असं मला मनापासून वाटतं. वाचकाने पुस्तक मागून नेणं हाच पुस्तकाचा मान.

२४ नोव्हेंबर, रविवार

धानाची कापणी सुरू आहे. हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान घरी आलं, भारी धान अजून बांधीत, शेतात उभं. कापणी, मग पुंजणे म्हणजे धानाचे ढीग, मग चुरणा म्हणजे मळणी. या दिवसांत सभागृहात कोण येणार? कार्यक्रम संक्रांतीच्या आगेमागे घ्यायचे. वेळ दुपारी तीनची. रात्री ठेवला असता तर गर्दी झाली असती, पण ब्रह्मपुरी, नागभीड, तळोधीकडच्या जंगलपट्ट्यात वाघ आहेत आणि सांजेला पांदणीने चालत परत जाणं धोक्याचं आहे. दिवस बुडायच्या आत सगळे घरी पोहोचले पाहिजेत, ही अट सगळ्या गावांना कळवली.

२२ डिसेंबर, रविवार

आज सराव झाला. दोघंही वाचनालयात आले, अंगणवाडीच्या सेविकाबाईही. दार लावून घेतलं, चहा ठेवला आणि बसलो.

काकाजींची कादंबरी तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या केंद्रावर घडते. मे महिना, पहाटे चार वाजता जंगलात गेलेल्या बायका, दुपारी पुडे बांधून फळीवर, मुन्शी मोजून घेतो आणि वहीत लिहितो. त्यांनी निवडलेला भाग मोठा होता. मुन्शी एके रात्री नाहीसा होतो इथपर्यंत वाचायचं त्यांच्या मनात होतं. मी आणि सेविकाबाईंनी त्यांना आधी थांबवलं, दोन पानं आधी. थांबायची जागा इथे लिहून ठेवते, कारण ती आता सगळ्या गावांत हीच राहणार आहे:

"मुन्शीने पुडा उचलला आणि परत खाली ठेवला. सत्तर पानांचं वजन त्याच्या तळहाताला पाठ होतं. हा पुडा हलका होता. त्याने दोरी सोडली, पानं मोजली. पासष्ट. शेजारचा सोडला. पासष्ट. त्या रांगेतले सगळे पुडे एकाच हाताने बांधलेले होते. त्याने वहीत नाव पाहिलं. त्या नावाची बाई या गावात राहत नव्हती."

काकाजी म्हणाले, "इथं तर काहीच झालं नाही अजून." पण माझ्या मते सगळं इथेच झालं आहे. माणूस नाहीसा झाला हे कळलं की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघतो. वहीत खोटं नाव आहे हे कळलं की तो स्वतः शोधायला लागतो. आमच्याकडच्या प्रत्येक घरात कुणीतरी पुडे बांधलेले आहेत. हे नाव त्यांना झोपू देणार नाही.

ताईंची कादंबरी नागभीड ते नागपूर या छोट्या गाडीवर. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासूनची ती नॅरोगेज, २०१९ च्या नोव्हेंबरात रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली. कादंबरीतली मुलगी नागभीडहून नागपूरला नर्सिंगच्या शिक्षणासाठी जाते, मुलगा उमरेडला कामाला. ताईंनी आधी गाडीचं वर्णन वाचलं, सुंदर आहे, पण लांब. मग दहाव्या पानावरची चार वाक्यं वाचली आणि मी हात वर केला:

"भिवापूरला गाडी थांबली की तो उतरायचा, शेवटच्या डब्याजवळच्या नळावर बाटली भरायचा आणि परत यायचा. त्याच्या डब्यासमोरही नळ होता. मिरचीची पोती चढवणाऱ्या बायकांना ते पहिल्या आठवड्यातच कळलं. शेवटच्या डब्यात बसणारीला कळायला पावसाळा लागला."

हेच वाचायचं. आणि पुढे एवढंच सांगायचं की गाडी बंद झाली त्या दिवशी दोघांकडे एकमेकांचा नंबर नव्हता.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पहिला कार्यक्रम, आमच्याच गावी. ताईंनी वाचलं. नळाच्या वाक्याला मागच्या रांगेतल्या बायका हसल्या, मग एकदम गप्प झाल्या. वाचन संपल्यावर बोलणं मात्र सगळं गाडीवर गेलं. रेल्वेच्या रुळावर कामाला असलेले एक दादाजी उभे राहिले आणि पावसाळ्यात गाडी कशी हळू जायची, पोरं चालत्या गाडीतून उतरून परत कशी चढायची, हे सांगत राहिले. ताईंनी मध्ये तोडलं नाही. ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं. ती आठवण लोकांच्या पोटातली आहे, तिला वाट द्यायलाच हवी होती. पुढच्या गावी मात्र गाडी बंद झाल्याचं सांगून झालं की लगेच प्रश्नांना सुरुवात करायची असं ठरलं, म्हणजे त्या दोघांवरही बोलणं होईल.

प्रत लगेच गेली. वाचनकक्षातलीही एका आजींनी मागितली, त्यांना वाचता येत नाही, नात वाचून दाखवणार. दिली.

१९ जानेवारी, रविवार

हा दिवस सविस्तर लिहिते.

शेजारच्या गावी, समाजमंदिरात, काकाजींचं वाचन. बायका जास्त, निम्म्याहून अधिक फळीवर गेलेल्या. काकाजींना भाषण जमत नाही असं ते स्वतःच सांगतात, पण वाचतात फार छान, सावकाश, पुडे मोजावेत तसे. "या गावात राहत नव्हती" म्हटलं आणि पुस्तक मिटलं.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग पुढच्या रांगेतून आवाज आला, "पासष्टचा पुडा बांधनारी चोर नसते जी. तिले मोजाले वेळ नसते." दुसरी म्हणाली, वेळ नसणारीचा एक पुडा पासष्टचा, एक बहात्तरचा होतो, सगळेच पासष्टचे म्हणजे मोजून कमी केलेले. तिसरीने विचारलं, मुन्शीने पहिल्याच दिवशी का नाही पकडलं? म्हणजे त्याला माहीत होतं काय? काकाजी प्रत्येकीकडे बघत होते आणि उत्तर देत नव्हते. मी दुरून त्यांचे हात बघत होते, पुस्तकावर घट्ट धरलेले.

मग भिंतीला टेकून बसलेल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "गाठ कशी होती?"

काकाजींनी विचारलं, "गाठीचं का विचारता, बाई?"

"गाठीवरून घर समजते. माझ्या सुनेची गाठ येगळी, माझी येगळी. डावऱ्या हाताची गाठ उलटी पडते. मुन्शीनं दोरी सोडली तवा त्याले दिसलीच असन."

सभागृहात एकच गलका झाला. जो तो आपल्या गाठीबद्दल सांगू लागला, दोन जणींनी पदराच्या टोकाने बांधून दाखवली. मी इतकी वर्षं हे काम करते आहे, पुस्तकावर असं बोलणं मी ऐकलेलं नाही. शहरातल्या चर्चेत लोक शैलीबद्दल बोलतात, प्रभावांबद्दल बोलतात. इथे लोक पुराव्याबद्दल बोलत होते, कारण तो पुरावा त्यांच्या हातांनी रोज बांधलेला आहे. रहस्यकथेला याहून चांगला वाचक कुठे मिळणार?

पुस्तकात गाठीचं पुढे काय आहे ते मला माहीत आहे. या नोंदीत लिहिणार नाही. काकाजींनीही सांगितलं नाही. "पुस्तक वाचनालयात आहे," एवढंच म्हणाले आणि बसले.

परतताना गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, नोकरीत असताना फळीवर जायचो तेव्हा या बाया माझ्यासमोर मान वर करून बोलत नव्हत्या. आज त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. त्यांना बरं वाटलं होतं ते आवाजावरून कळत होतं.

२१ जानेवारी, मंगळवार

काल आणि आज त्या गावच्या वाचनालयात रांग. तिथल्या ग्रंथपालांनी नावनोंदणीची वही घातली. प्रत सात दिवसांपेक्षा जास्त कुणालाही द्यायची नाही. एका मोहल्ल्यातल्या बायकांनी प्रत एकीच्या नावावर घेतली आणि दुपारी एकत्र बसून ऐकायचं ठरवलं. पोथी अशीच ऐकली जाते, ग्रामगीता अशीच ऐकली जाते. कादंबरीला ही बैठक मिळाली याचा मला फार आनंद झाला.

एक अडचण: व्हॉट्सॲपच्या गटावर कुणीतरी शेवट लिहून टाकेल ही भीती. त्यावर काकाजींनी उपाय सुचवला. पुस्तकाच्या शेवटी कोरी चिठ्ठी ठेवायची. वाचकाने त्यावर फक्त पानाचा आकडा लिहायचा, खऱ्या गुन्हेगाराचा संशय आपल्याला कोणत्या पानावर आला तो. गुन्हेगाराचं नाव लिहायचं नाही, गोष्ट लिहायची नाही. सांगण्याची हौसही भागते आणि शेवटही शाबूत राहतो.

२ फेब्रुवारी, रविवार

वैनगंगा ओलांडून लाखांदूरकडे. दोघंही सोबत. कॉलेजच्या मुली बऱ्याच, त्यांचे पालकही आलेले.

ताईंचं वाचन झाल्यावर एका मुलीने सरळ विचारलं, "शेवट गोड आहे काय? नसेल तर मी नाही नेत." काकाजींनी चमकून बघितलं, शेवट विचारायचा असतो काय! ताईंनी मात्र तेवढंच सरळ उत्तर दिलं: "गोड आहे." मला ते अगदी योग्य वाटलं. प्रेमकथेचा वाचक दिवसभराचं काम संपवून त्या पुस्तकाकडे येतो. दोघं शेवटी एकत्र येतील हा भरवसा त्याला आधी द्यायला हरकत नाही. त्या भरवशावरच तो मधली दुःखं सोसायला तयार होतो. रहस्यकथेत हाच भरवसा दिला तर पुस्तक हातातून गेलं.

मग मागून एक गृहस्थ उठले. मुलगी शेजारी बसलेली. "दोघांची जात सांगितली आहे काय त्यात?"

सभागृह शांत झालं. ताई म्हणाल्या, "सांगितली आहे जी. वेगवेगळी आहे. मुलीच्या घरी ते कळतं तिथून कादंबरीचा दुसरा भाग सुरू होतो."

"मग बापाचं काय म्हणणं आहे?"

हा प्रश्न आम्ही कुणी धरलेला नव्हता. ताईंनी पुस्तक उघडलं, पानं शोधली आणि बापाचं पान वाचून दाखवलं, जे सरावात कधी वाचलंच नव्हतं. त्यात बाप रागावत नाही. तो बैल सोडतो, पाणी दाखवतो, परत बांधतो आणि मग बायकोला विचारतो, पोरगी किती वर्षांपासून त्या गाडीने जात होती? आणि आपल्याला काहीच कसं दिसलं नाही? गृहस्थ उभे राहूनच ऐकत होते. संपल्यावर बसले. कार्यक्रमानंतर नावनोंदणीच्या वहीत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. मुलीचं नाव त्याच्या खाली होतं, वेगळं.

प्रेमकथा हलकी असते असं म्हणणाऱ्यांना मी हा दिवस सांगेन. ज्या प्रश्नावर गावात उघड बोलता येत नाही तो प्रश्न एका बापाने भर सभेत विचारला, कारण तो कादंबरीतल्या बापाबद्दल होता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. इतर गावांचे कार्यक्रमही पार पडले, त्यांच्या नोंदी त्या त्या वाचनालयांत आहेत. आज दोन्ही लेखकांना बोलावून चिठ्ठ्या उघडल्या.

फळीच्या कादंबरीच्या चिठ्ठ्यांवर दोन प्रकारचे आकडे आले. पुरुष वाचकांना संशय उशिरा आला, पुस्तकाच्या शेवटच्या भागात. फळीवर जाणाऱ्या बायकांच्या चिठ्ठ्यांवरचे आकडे बरेच लहान. काकाजी चिठ्ठ्या पुन्हापुन्हा लावून बघत होते. मला त्यांनी विचारलं, पुढच्या आवृत्तीत तो भाग अवघड करू काय? मी नको म्हटलं. ज्याला काम माहीत आहे त्याला आधी कळावं, यात लेखकाचं काही बिघडत नाही. उलट त्या बायका पुढचं सगळं पुस्तक आपलं म्हणणं खरं ठरतं काय हे बघण्यासाठी वाचतात. एकीने आकड्याखाली नियम मोडून लिहिलं होतं, "पन मुन्शीचं वाईट वाटलं." ती चिठ्ठी काकाजींनी मागून घेतली.

रेल्वेच्या कादंबरीत चिठ्ठी ठेवलेली नव्हती. तरी तीन-चार जणांनी स्वतःहून कागद घातले होते. एकावर लिहिलेलं, नळाचं पान पुन्हा वाचण्यासाठी पुस्तक परत हवं.

९ मार्च, रविवार

मंडळाच्या बैठकीत हिशेब मांडला. दोन्ही कादंबऱ्यांची प्रत्येकी तिसरी प्रत घ्यायला मंजुरी मिळाली, कारण नावनोंदणीची वही अजून भरलेली आहे. बांधणी कच्ची निघाली, रेल्वेच्या कादंबरीची पहिली प्रत पाठीतून सुटली. जिल्ह्याच्या गावी बांधणीला पाठवली. लेखकांनी छापतानाच शिवण बांधणी घ्यावी असं मी दोघांना सांगितलं आहे. नुसत्या गोंदाच्या बांधणीचं पुस्तक गावच्या वाचनालयात एक हंगाम टिकत नाही, एका प्रतीवर इतके हात लागतात.

आता मोहफुलं पडायला लागतील, मग मे महिन्यात फळ्या. तोवर नवा कार्यक्रम नाही. पहिल्या पावसाआधी एक बैठक घ्यायची, रोवणी सुरू झाली की पुन्हा कुणाला वेळ नाही. पुढच्या हिवाळ्यासाठी यवतमाळकडच्या एक लेखिका आणि गोंदियाकडचे एक लेखक तयार आहेत. लेखिकेची कादंबरी कापसाच्या जिनिंगमध्ये घडते, लेखकाची नवेगाव बांधच्या तळ्याकाठी. दोघांना आज पत्र टाकलं. त्यात लिहिलं आहे की भाषण तयार करू नका, पहिली दहा पानं दिवाळीआधी पाठवा, पुस्तक आम्ही विकत घेऊ, शेवट गोड आहे की नाही हे फक्त प्रेमकथेच्या लेखिकेने सांगायचं, आणि प्रश्न विचारले जातील तेव्हा पुस्तक हाताशी उघडं ठेवा, कारण कोणतं पान मागितलं जाईल ते इथले वाचक ठरवतात.